जुन्या जीपचा ब्रेक ‘असाच’ नसतो

‘जुन्या जीपचा ब्रेक असाच असतो, पाय जरा दाबून ठेवायचा.’ पवनीत कुणी जुनी विलीज किंवा महिंद्रा घेऊन गॅरेजसमोर उभा राहिला आणि ब्रेक लागत नाही म्हणाला, की बहुतेक वेळा पहिलं उत्तर हेच मिळतं. त्यानं मालकाचं समाधान झालं नाही तर दुसरं उत्तर येतं, ‘मोठा बूस्टर टाकून देऊ.’ आणि तिसरं, ‘मास्टर सिलिंडरच मोठं बसवू.’ ही उत्तरं देणारी माणसं कामाची आहेत. भंगारात निघालेल्या जीपा त्यांनी पुन्हा रस्त्यावर आणल्या आहेत. त्यांच्या कसबाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो : पहिलं उत्तर चुकीचं आहे, दुसऱ्यानं बहुतेक वेळा पैसे वाया जातात, आणि तिसऱ्यानं पेडल आणखी कडक होतं.

पहिल्या उत्तराचा समाचार आधी घेऊ, कारण बाकीची दोन त्याच्याच आडोशाला वाढतात. या मताचे लोक म्हणतात की मूळ जीपला बूस्टर नव्हताच, चारही चाकांना साधे ड्रम होते, तरी ती गाडी जन्मभर चालली. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. सीजे-3बी ही जीप अमेरिकेत 1953 पासून बनू लागली आणि महिंद्रानं ती आपल्याकडे पुढं कितीतरी वर्षं बनवली. तिच्यात 2.2 लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं, अरुंद 16 इंची रिमचे टायर होते, आणि पेडलपासून ड्रमपर्यंतचा सगळा हिशोब माणसाच्या पायाच्या जोरावर बेतलेला होता. पेडलचा दांडा लांब होता. त्या काळच्या रस्त्यांवर, त्या काळच्या वेगाला ती गाडी नीट थांबत होती, कारण तिचा प्रत्येक भाग दुसऱ्याला साजेसा होता.

पण आज आपल्या भागात फिरणारी ‘जुनी’ जीप ती नव्हे. हरिकेन इंजिन काढून महिंद्राचं डीआय डिझेल टाकलेलं असतं. गियरबॉक्स पाच गियरचा असतो. खाली 32 इंची रुंद टायर असतात, पुढं बोलेरोची डिस्क, डॅशबोर्डखाली कुठून तरी आणलेला बूस्टर. मूळ टायर 28 इंचांच्या आसपास उंच होता. टायर 32 इंची केला की गाडी तितक्याच जोरानं थांबवायला ब्रेकवर 14 टक्के जास्त पीळ लागतो, वाढलेलं वजन वेगळंच. वेग 50 वरून 80 वर गेला की थांबवायची ऊर्जा अडीच पटींहून जास्त होते. अशा गाडीत जुनं उरतं ते बॉडी आणि कागदपत्रं. मग तिच्या ब्रेकचा हिशोब 1953 सालचा कसा धरायचा?

हा हिशोब चुकला तर काय होतं ते पवनीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. नागपूरहून उमरेड, भिवापूर आणि निलज फाट्यावरून गावाकडं येताना, किंवा अड्याळकडून भंडाऱ्याचा रस्ता धरताना, कडेला धानाच्या बांध्या आणि झुडपी जंगल असतं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य 2012 मध्ये जाहीर झालं. त्याच्या आजूबाजूला संध्याकाळनंतर रानडुकरांचा कळप किंवा नीलगाय रस्त्यावर येणं ही रोजची गोष्ट आहे. ताशी 60 किलोमीटर वेगात माणसाचा पाय पेडलवर पोचेपर्यंत, एक सेकंद धरला तरी, गाडी 17 मीटर पुढं जाते. चांगला ब्रेक असेल तर त्यानंतर साधारण 20 मीटरमध्ये गाडी उभी राहते. ब्रेक निम्म्या ताकदीनं लागत असेल तर 40 मीटर लागतात. हे जादा वीस मीटर म्हणजे पाच जीपा एकामागे एक लावाव्यात इतकं अंतर. ‘असाच असतो’ म्हणणारा माणूस हे अंतर समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या, शाळेतून परतणाऱ्या पोरांच्या आणि स्वतःच्या मागं बसलेल्या बायकामुलांच्या माथी मारतो.

आता दुसरं उत्तर, मोठा बूस्टर. बूस्टर स्वतः काहीही ताकद निर्माण करत नाही. त्याच्या डब्यात एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा इंजिनाकडून शोषून घेतलेली असते. पाय दाबला की दुसऱ्या बाजूनं बाहेरची हवा आत येते आणि पडद्याला पुढं ढकलते. म्हणजे ढकलण्याचं काम वातावरणाचा दाब करतो, आणि तो किती करणार हे आत किती पोकळी म्हणजे व्हॅक्यूम आहे त्यावर ठरतं. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल असतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम आपोआप तयार होतं. सुस्थितीतलं पेट्रोल इंजिन आयडलला पाऱ्याचे 17 ते 21 इंच देतं. आपल्या जीपांत बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसतो. त्याच्या मॅनिफोल्डमध्ये बूस्टरच्या कामाचं व्हॅक्यूम जवळपास नसतंच. म्हणून अशा डिझेल गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. डीआयसारख्या इंजिनावर तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर असतो, इंजिन ऑइलवर चालतो आणि नीट असेल तर पाऱ्याचे 24 इंच किंवा त्याहून जास्त देतो.

इंजिन बदलताना नेमकी इथंच काटकसर होते. पंपाचा अल्टरनेटर महाग म्हणून साधा लावला जातो. पंप लावला तर त्याची ऑइलची बारीक नळी अर्धी चोंदलेली असते आणि आतल्या पाती घासून जातात. बेल्ट सैल असतो. आणि मग ब्रेक कमजोर झाला की बूस्टर बदलला जातो. कागदावर हिशोब मांडून बघा. 7 इंची बूस्टरला 20 इंच व्हॅक्यूम मिळालं तर पडद्यावर सुमारे 170 किलोचा जोर पडतो. 9 इंची बूस्टरला 10 इंचच मिळालं तर तो जोर 140 किलोच्या आसपास राहतो. आतल्या स्प्रिंगचा वगैरे वाटा वजा केला की दोन्ही आकडे थोडे उतरतात, पण मोठ्या बूस्टरची हार कायम राहते. विहिरीला पाणीच नसताना पाच हॉर्सपॉवरची मोटर काढून साडेसातची बसवली म्हणून बांधीत पाणी येत नाही. बूस्टरचंही तसंच आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं पुस्तकी झालं. मग पवनीतल्याच एका जीपचं सांगतो. डीआय इंजिन, पुढं डिस्क, नवाकोरा 9 इंची बूस्टर. सकाळी पहिल्यांदा ब्रेक उत्तम. इंजिन तापलं की पेडल दगडासारखं. मालकाला सांगण्यात आलं होतं की नवा बूस्टरही बनावट निघाला, तिसरा आणा. बूस्टरच्या नळीत टी-जोड घालून व्हॅक्यूम गेज लावलं. थंड इंजिनावर काटा 24 इंचांवर स्थिर. गाडी वैजेश्वर घाटाच्या बाजूनं फिरवून आणल्यावर ब्रेक दाबला, तर काटा 12 वर कोसळला आणि परत वर यायला रेंगाळत राहिला. लगेच दुसऱ्यांदा दाबला तर आठाच्या खाली. बॉनेट उघडून नळीवर हात फिरवला तेव्हा उलगडा झाला. पंप आणि बूस्टर यांच्यामध्ये रेडिएटरच्या कामाचा साधा पाण्याचा पाइप लावलेला होता आणि तो सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला खेटून वळवलेला होता. तापल्यावर रबर मऊ पडायचं, शोषणाच्या ओढीनं वळणावर पाइप आतल्या आत चपटा व्हायचा. जाड भिंतीचा, व्हॅक्यूमसाठीच बनलेला होज लावला, तो मॅनिफोल्डपासून दूर नेऊन क्लिपेत बांधला. तापलेल्या इंजिनावरही काटा ब्रेक सोडल्या सोडल्या 24 वर येऊ लागला. बूस्टर तोच राहिला. गाडी थांबू लागली.

तिसरं उत्तर, मोठं मास्टर सिलिंडर. हे उत्तर मोठ्या विश्वासानं दिलं जातं आणि ते भौतिकशास्त्राच्या थेट विरुद्ध आहे. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. पायाचा आणि बूस्टरचा जोर तेवढाच ठेवून पिस्टन मोठा केला तर दाब कमी होतो. पाऊण इंच आणि एक अष्टमांश, म्हणजे सात अष्टमांश इंचाचं सिलिंडर काढून एक इंचाचं बसवलं, तर तोच पाय जवळपास एक चतुर्थांश कमी दाब देतो. पेडल मात्र आखूड अंतरात लागतं आणि कडक वाटतं. तो कडकपणा पाहून मालक म्हणतो, ‘आता ब्रेक टाइट झाला.’ पेडल टाइट झालेलं असतं, गाडी उशिरा थांबते. मोठं सिलिंडर लागतं ते जास्त ऑइल ढकलायला, म्हणजे ड्रम काढून मोठे कॅलिपर लावले असतील आणि पेडल फार खाली जात असेल तेव्हा. कडक पेडल आणि कमजोर ब्रेक या आजारावरचं ते औषधच नाही.

इथं मुद्दा स्पष्ट करतो, कारण सगळी गफलत इथून सुरू होते. ब्रेक कमजोर आहे एवढं सांगून भागत नाही. पेडल काय सांगतं ते आधी ऐकावं लागतं. पेडल कडक आहे आणि गाडी थांबत नाही, तर दोष व्हॅक्यूमचा, बूस्टरचा किंवा लायनरचा. पेडल मऊ, स्पंजसारखं आहे, तर पाइपात हवा आहे, एअर काढायला हवी. पेडल खोल जातं आणि दोनतीनदा पंप केल्यावर वर येतं, तर मागच्या शूचं ॲडजस्टमेंट सैल आहे किंवा बूस्टरच्या पुशरॉडची फट जास्त आहे. पाय दाबून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली सरकतं, तर मास्टर सिलिंडरची आतली वॉशर गेली किंवा कुठं तरी गळती आहे. हे वेगवेगळे आजार आहेत. एकाच औषधानं ते बरे होणार नाहीत.

‘आमच्याकडं कुठं मशीन आहे, त्यासाठी नागपूरला जावं लागतं,’ हाही युक्तिवाद ऐकतो. तो मान्य नाही. बूस्टरची परीक्षा घ्यायला मशीन लागत नाही. सपाट जागेवर गाडी उभी करा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतंय. जागेवरच राहिलं तर एक तर व्हॅक्यूम नाही, नाही तर बूस्टर मेला. नंतर इंजिन एकदोन मिनिटं चालवून बंद करा आणि सावकाश पेडल दाबत जा. पहिल्यांदा खोल, मग दर वेळी वर येत गेलं, तर बूस्टर आणि त्याचा एकतर्फी व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरून ठेवतात. तिसरी परीक्षा : इंजिन चालू असताना पेडल दाबून ठेवा, तसंच इंजिन बंद करा, अर्धा मिनिट थांबा. पेडल पायाला वर ढकलू लागलं तर कुठं तरी हवा घुसतेय. पेडलजवळ कान लावल्यावर सतत सूं असा आवाज येत असेल तर पडदा फाटलेला असू शकतो. आणि ऑइल कमी होतंय पण बाहेर कुठंच थेंब दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून बूस्टरच्या तोंडात बघा. मागची सील गेली असेल तर ऑइल बूस्टरच्या पोटात साठतं आणि पडद्याचं रबर खराब करतं. याच्या जोडीला हवं ते एक साधं व्हॅक्यूम गेज, ज्याची किंमत एका रुंद टायरच्या किमतीपुढं काहीच नाही.

बूस्टर आणि व्हॅक्यूम ठीक निघालं तर ड्रम उघडा. अर्ध्या जीपांच्या मागच्या चाकात ॲक्सलची सील गळून लायनरवर गियर ऑइल उतरलेलं असतं. ते पॉलिश पेपरनं घासून चालत नाही, लायनर बदलावंच लागतं. खरादावर इतक्या वेळा फिरवलेले ड्रम दिसतात की नवा शू त्यांना मध्यभागी फक्त एका पट्टीत टेकतो. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलातून निघालेल्या ड्रममध्ये माती बसते. शिवाय ब्रेक ऑइल. डॉट-3 ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. कोरडं असताना 205 अंशांना उकळणारं तेच ऑइल ओलावा घेतल्यावर 140 अंशांच्या आसपास उकळू शकतं, आणि उकळलं की पाइपात वाफ होते, पेडल तळाला जातं. आपल्याकडचे पावसाळे पाहता ते दोन वर्षांतून एकदा बदललंच पाहिजे. आणि आणीबाणीला म्हणून टाकीत इंजिन ऑइल ओतणं हा तर गुन्हाच आहे. त्यानं सगळ्या सिलिंडरांची रबरं फुगून जातात.

विरोधी बाजूचा एक युक्तिवाद मला सगळ्यात वजनदार वाटतो. मूळ जीपवर प्रेम करणारे काही जाणकार म्हणतात, ‘बूस्टर काढून टाका. जितके भाग कमी तितके बिघाड कमी.’ हे मत मी फेटाळत नाही. पण ते पाळायचं तर पूर्ण पाळा. बूस्टरसाठी बेतलेल्या पेडलचं लिव्हरेज साधारण चौपट असतं, विनाबूस्टर गाडीला ते सहापटीच्या घरात लागतं. फक्त बूस्टर काढला आणि पेडल तेच ठेवलं तर गाडी थांबवायला दोन्ही पाय लागतील. टायर मूळ मापाचे, सिलिंडर लहान, शू ड्रमला पूर्ण टेकणारे, आणि वेग जीपला साजेसा, असं सगळं असेल तर विनाबूस्टर जीप चांगली चालते. एक गोष्ट मात्र तिथंही सोडू नये. मूळ मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचं होतं, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जायचा. पुढची आणि मागची चाकं वेगळी करणारं दुहेरी सिलिंडर बसवायलाच हवं. मूळपणाच्या नावाखाली हा धोका कुणीही पत्करू नये.

या सगळ्यावर आणखी एक सवय मात करते. उतार लागला की न्यूट्रल करून इंजिन बंद करायचं, डिझेल वाचवायचं. नदीच्या घाटाकडं उतरताना हे सर्रास होतं. इंजिन बंद झालं की पंप बंद. बूस्टरमध्ये शिल्लक असलेलं व्हॅक्यूम दोनतीन दाबांत संपतं, आणि त्यानंतर पेडल लाकडासारखं होतं. वाचलेल्या चमचाभर डिझेलसाठी ही किंमत कोणत्याही शहाण्या माणसानं देऊ नये.

आणि कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्यानं ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. त्यातही गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेली जीप त्यात बसत नाही. म्हणजे बदललेल्या गाडीच्या मालकाला ‘ही जुनी आहे’ म्हणून कुठंच सूट नाही. आपल्या गाडीचे बदल परिवहन कार्यालयात मंजूर करून घ्या, आणि मंजुरी मिळाली तरी ब्रेकची जबाबदारी तुमचीच आहे हे लक्षात ठेवा.

मेकॅनिक बंधूंना माझी विनंती आहे. इंजिन बदलायचं काम हातात घेताना व्हॅक्यूम पंप, योग्य होज आणि दुहेरी मास्टर सिलिंडर यांची किंमत त्याच अंदाजपत्रकात लिहा. मालक नको म्हणाला तर काम नाकारा. पंपाशिवाय डिझेल इंजिन टाकून बूस्टरची गाडी रस्त्यावर सोडणं हे अर्धवट काम आहे, आणि अर्धवट काम करून दिलेली गाडी कुणाच्या अंगावर जाईल ते आपल्याला ठाऊक नसतं.

जीप जपणाऱ्या प्रत्येक मालकाला मी एवढंच सांगेन. रंग, टप आणि टायर यांच्यावर खर्च करण्याआधी ब्रेकवर करा. पेडल कडक लागत असेल तर गाडी उभी करा, गेज लावून घ्या, आणि दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत ती रस्त्यावर काढू नका.